पडीक जमिनीत पहिला नांगर घालण्याआधी

वाचकाचं पत्र:

‘ताई, आमची दोन एकर जमीन आहे. गेली पंधरा वर्षं तिच्याकडे कुणी फिरकलेलं नाही. कमरेएवढं गवत वाढलंय, मधेमधे झुडपं आहेत आणि एक कोपरा तर नुसता काट्यांनी भरलाय. नोकरी सोडायची नाही, शेतीवर पोटही भरायचं नाही. सुट्टीच्या दिवशी हौसेने काहीतरी पिकवायचं आहे. शेजारचे म्हणतात, सगळं पेटवून द्या, खोल नांगरा, वरून दोनदा रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती बारीक करणारं यंत्र) मारा, जमीन लोण्यासारखी होईल. वाचनात मात्र असं आलं की नांगरणीच मुळात वाईट, जमिनीला हातच लावू नये. एक जुना ट्रॅक्टर स्वस्तात मिळतोय. मला ट्रॅक्टर चालवता येत नाही, पण शिकून घेईन म्हणतो. पेरणीच्या आधी दोन्ही एकर नांगरून व्हावेत अशी फार इच्छा आहे. सुरुवात कुठून करू? – एक हौशी शेतकरी’

नमस्कार,

उत्तर आधी सांगते, कारणं मागाहून. या वर्षी दोन एकर नांगरू नका. पाच गुंठे नांगरा. उरलेल्या जमिनीवरचं गवत वेळच्या वेळी कापत राहा आणि ती झाकलेलीच राहू द्या. ट्रॅक्टर घेऊ नका. पेटवून तर मुळीच देऊ नका. तुमचा हिरमोड झाला असणार, म्हणून एकेक गोष्ट सविस्तर लिहिते.

नांगरणी केवढं मोठं काम आहे याचा अंदाज पहिल्यांदा करणाऱ्याला नसतो. नांगराच्या एका तासाची, म्हणजे फाळाने पडणाऱ्या एका सरीची रुंदी एक फूट धरली, तर एक एकर पुरा व्हायला नांगराला १३ किलोमीटरहून जास्त अंतर कापावं लागतं. एका एकरातली २० सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती हजार टनांच्या आसपास भरते. यंत्राने ती एका दिवसात उलथून होईल, त्यात काही अवघड नाही. खरं काम त्याच्यानंतर सुरू होतं. ढेकळं फोडायची, काश्या (गवताची जमिनीखालची चिवट खोडं) वेचायच्या, पुन्हा उगवलेलं तण मारायचं, वेळेवर काहीतरी पेरून माती झाकायची. यातलं एकही काम तुमची सुट्टी कधी आहे ते बघून येत नाही. नांगरून ठेवलेली आणि मग हात न लागलेली जमीन पडीक जमिनीहून वाईट अवस्थेत जाते, कारण तिच्यावरचं पांघरूण तुम्ही काढलेलं असतं. अमेरिकेच्या मध्यभागातली गवताळ मैदानं काही दशकांत नांगरली गेली, १९३०च्या दशकात दुष्काळ पडला आणि मुळांनी धरून ठेवलेली ती माती वाऱ्यावर निघाली. १४ एप्रिल १९३५ ला आलेल्या धुळीच्या वादळाने भरदिवसा अंधार केला होता. दोन एकरांत तेवढं काही होणार नाही, पण एका जोरदार सरीत उताराच्या उघड्या जमिनीवरून गढूळ पाण्याबरोबर जे वाहून जातं, ते नेमकं वरचं, कसदार असतं.

आता ‘नांगरूच नये’ या म्हणण्याकडे येऊ. त्यात तथ्य आहे. पंधरा वर्षं तुमच्या जमिनीत गवताची मुळं वाढली, मेली, कुजली. त्या मुळांच्या जागी पोकळ्या राहिल्या, गांडुळांनी बिळं केली, मातीचे बारीक रवे बांधले गेले. ही घडण कुठल्याही अवजाराने करता येत नाही. नांगरणीने मातीत हवा शिरते, जिवाणू जोमाने कामाला लागतात आणि साठलेला सेंद्रिय भाग झपाट्याने खर्च होतो. म्हणूनच पडीक जमीन नांगरल्यावर पहिल्या पिकाला जोर दिसतो आणि लोकांना वाटतं की नांगराने कस वाढवला. तो कस आधीचाच असतो. पण घट्ट विणलेल्या जुन्या गवतात बी टाकून पीक येत नाही, हेही तितकंच खरं. गवत हटवावंच लागतं. एकदा, नीट आणि योग्य वेळी नांगरून पुढे हलक्या मशागतीवर राहणं हा हौशी माणसाला झेपणारा मार्ग आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. दर वर्षी खोल नांगरट करायची गरज नाही.

पेटवून द्यायचा सल्ला सोडून द्या. आगीत वरचं वाळलेलं जळतं, जमिनीखालच्या काश्यांना आणि गाठींना धक्का लागत नाही, उलट मोकळ्या जागेत त्याच आधी फुटतात. जमिनीला मिळणारा पालापाचोळा जातो तो वेगळाच, आणि आग बांधापलीकडे गेली तर ती तुमच्या हातात राहत नाही.

पहिलं काम कापणीचं. त्याच्याही आधी हातात काठी आणि पायात उंच बूट घालून सगळी जमीन सावकाश फिरा. कमरेएवढ्या गवतात काय काय दडलेलं असतं याची कल्पना येत नाही: जुन्या कुंपणाची तार, फुटकी काच, खुंट, दगडांची रास, कधी बुजत आलेली विहीर. तार रोटाव्हेटरच्या पात्यांत गुंतली की अर्धा दिवस जातो, आणि उघड्या विहिरीत माणूस जातो. दिसेल त्याच्याजवळ रंगीत कापड बांधलेली काठी रोवा. जमिनीखालून पाण्याची पाइपलाइन किंवा विजेची केबल गेली आहे का, हे जुन्या लोकांना आणि संबंधित खात्याला विचारा. मोठी झाडं तोडायला किंवा जुनं गवताळ रान मोडायला तुमच्या भागात परवानगी लागते का, तेही आधीच पाहा.

गवत कापताना मधून सुरुवात करून कडेकडे या. कडेने गोल फिरत आत गेलात तर ससे, पक्षी, साप सगळे मधल्या उभ्या गवतात कोंडले जातात आणि शेवटच्या फेरीत पात्याखाली येतात. मधून बाहेर आलात तर त्यांना पळायला वाट राहते. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा अंड्यांचा हंगाम असेल तर थोडं थांबा. कापलेलं गवत गोळा करून एका कडेला रचून ठेवा, ते पुढे आच्छादनाला सोन्याच्या मोलाचं ठरतं. लांब गवतावर नांगर चालवायला गेलात तर ते फाळाला गुंडाळलं जातं आणि मातीखाली नीट जातही नाही.

कापून झाल्यावर जमीन बोलायला लागते. कुठे पट्टा सगळं वाळलं तरी हिरवा राहतो? तिथे पाणी साचतं किंवा झिरपतं, पहिल्या वर्षी तिकडे जाऊ नका. कुठे गवत खुरटं आणि विरळ आहे? तिथे बहुधा माती पातळ आहे. ज्या जागी गवत दाट, उंच आणि निरनिराळ्या जातींचं आहे, उतार कमी आहे आणि पाणी जवळ आहे, तिथले पाच गुंठे निवडा. सगळ्यात वाईट कोपरा आधी सुधारून टाकू, हा मोह फार जणांना होतो. काट्यांचा कोपरा तसाच राहू दे, तो पाच वर्षांनी बघा.

मग निवडलेल्या जागी कुदळ-फावडं घेऊन दोन-तीन ठिकाणी दीड-दोन फूट खोल खड्डे घ्या. एक कड सरळ तासून घ्या आणि खाली बसून नीट पाहा. वर काळसर, मऊ, मुळांनी भरलेला थर दिसेल. तो किती जाड आहे ते पट्टीने मोजा. त्याच्याखाली रंग बदलतो, माती फिकी होते किंवा मुरूम लागतो. तुमची नांगरणी या रंग बदलणाऱ्या रेषेच्या वरच राहिली पाहिजे. ‘खोल नांगरा’ हा सल्ला ऐकून वरचा थर १५ सेंटिमीटरचा असताना ३० सेंटिमीटर नांगर घातला, तर चांगली माती तळाला गाडली जाते आणि निर्जीव मुरूम वर येतो. ते निस्तरायला वर्षं लागतात. मुळांकडेही बघा. सरळ खाली उतरणारी मुळं एका ठरावीक खोलीवर अचानक आडवी वळलेली दिसली, तर तिथे जुन्या मशागतीने किंवा चाकांनी दाबलेला कठीण थर आहे. तो फक्त सलग आढळला आणि माती कोरडी असेल तरच खोल जाणाऱ्या टोकदार अवजाराने तोडायचा, माती उलथवणाऱ्या पलटी नांगराने नाही. खड्डा पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि दुसऱ्यांदा जिरायला किती वेळ लागतो ते बघा. दुसऱ्या दिवशीही पाणी उभं असेल तर आधी निचऱ्याचा विचार करायला हवा.

माती परीक्षणाबद्दल थोडक्यात: दहा-पंधरा ठिकाणची १५ ते २० सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती एकत्र करून त्यातला अर्धा किलोचा नमुना द्या. झाडाखालची, बांधालगतची, जुन्या उकिरड्याजवळची माती घेऊ नका. अहवाल हातात येईपर्यंत खताची एक गोणीही आणू नका.

आता मुख्य मुद्दा, तणांचा. तुमच्या शेजाऱ्यांचा रोटाव्हेटरचा सल्ला मला सगळ्यात धोक्याचा वाटतो तो याच्यामुळे. गवताचा एक ठोंब पहारीने उचकटून काढा आणि माती झटकून मुळाशी काय आहे ते पाहा. नुसती केसाळ मुळं असतील तर निर्धास्त राहा, ते गवत उलथून गाडलं की मरतं. पण पांढरट, चिवट, पेराची दोरी बाहेर आली आणि प्रत्येक पेराशी टोकदार डोळा असेल, तर ती हरळीची काशी आहे. बारीक काळ्या तारेला ओवल्यासारख्या तपकिरी गाठी निघाल्या तर तो लव्हाळा. या दोन्हींना तोडणं म्हणजे लावणं. रोटाव्हेटरची पाती एका हातभर काशीचे दहा तुकडे करतात, ते मातीत छान कालवतात, आणि ओल मिळाली की प्रत्येक तुकड्यातून नवं रोप उभं राहतं. रोटाव्हेटर मारल्यावर चार-पाच दिवस जमीन देखणी दिसते. नंतर जी हिरवळ येते, तिने अनेकांची हौस पहिल्याच हंगामात संपवली आहे.

हरळीला मारण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे तिला उन्हात आणणं. कोरड्या, तापत्या दिवसांत पलटी नांगराने किंवा कुदळीने मोठी ढेकळं उलथून टाका आणि ती फोडू नका. तशीच उन्हात पडू द्या. काश्या ढेकळांत अडकून वर येतात आणि सुकतात. मग मोगडा किंवा दाताळं फिरवून त्या वर ओढा, गोळा करा, शेताबाहेर नेऊन पसरून पूर्ण वाळवा. पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा एक पाळी द्या. जिथे ऊन तापत नाही पण कडक थंडी पडते, तिथे हिवाळ्याच्या तोंडावर नांगरून ढेकळं गोठू देतात. गोठण्या-वितळण्याने ढेकूळ आपोआप भुसभुशीत होतं. लव्हाळा याहून चिवट आहे. त्याच्या गाठी बहुतांशी वरच्या १५ सेंटिमीटरमध्ये असतात. उन्हात वाळवून बऱ्याच मरतात, पण सगळ्या नाही. त्याच्यावर दाट सावली करणारं पीक घ्यावं लागतं, कारण लव्हाळ्याला सावली सोसत नाही. पाच गुंठ्यांत हे हाताने साधतं. दोन एकरांत सुट्टीच्या दिवसांवर अजिबात साधणार नाही. मी पाच गुंठ्यांवर अडून बसले आहे ती एवढ्यासाठीच.

याशिवाय बियांचा साठा असतोच. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ मध्ये तणांच्या बिया २० बाटल्यांत भरून पुरून ठेवल्या आणि त्या ठरावीक वर्षांनी एकेक करून उकरायची योजना आखली. २०२१ मध्ये काढलेल्या बाटलीतल्या काही बिया १४२ वर्षांनी रुजल्या. सगळ्याच तणांचं बी एवढं टिकत नाही, पण तुमच्या जमिनीत पंधरा वर्षांचं बी पडलेलं आहे आणि त्यातल्या पुष्कळांना रुजायला क्षणभर उजेड पुरतो. नांगरणी त्यांना तो उजेड देते. यावर उपाय साधा आहे. नांगरून, ढेकळं फोडून वाफे तयार केल्यावर लगेच पेरू नका. पाऊस किंवा पाणी मिळू द्या, तणाची पहिली लाट उगवू द्या आणि ती दोन पानांवर असताना कुळवाच्या किंवा खुरप्याच्या अगदी उथळ पाळीने कापून टाका. खोल गेलात तर खालचं नवं बी वर येईल. हे दोनदा केलंत तर पुढची निंदणी निम्म्यावर येते.

नांगर कधी घालायचा? वाफशावर, म्हणजे माती फार ओलीही नाही आणि फार कोरडीही नाही अशा वेळी. हा शब्द तुम्ही शंभरदा ऐकला असेल, पण तो हाताने ओळखायला शिका. नांगराचा फाळ जितका खोल जाणार आहे, तितक्या खोलीवरची मूठभर माती काढा. वरची माती घेऊन फसाल, ती आधी वाळते. मुठीत दाबून गोळा करा आणि अंगठ्याने त्याला टोचा. गोळा फुटून रवाळ माती झाली तर वाफसा आहे. अंगठा रुतला, चकाकी आली किंवा माती बोटांना चिकटून पट्टीसारखी ओढली गेली तर ती ओली आहे. गोळा बांधलाच जात नसेल तर माती फार कोरडी आहे. कोरड्या मातीत फाळ शिरत नाही, शिरलाच तर दगडासारखी ढेकळं निघतात. काश्या वाळवण्यापुरती ती चालतात, पेरणीसाठी नाही. ओल्या मातीत मात्र कधीच नाही. ओली माती फाळाखाली घासली जाऊन तिचे रवे चेपतात, ट्रॅक्टरची चाकं तासात उतरून तळ दाबतात, आणि वाळल्यावर जे वर येतं ते फोडायला घण लागतो. चिकण मातीत ही चूक दोन-तीन हंगाम पुरते. ट्रॅक्टरवाला आज मोकळा आहे, उद्या नाही, म्हणून ओल्यातच उरकून घेऊ असा प्रसंग नक्की येणार. त्याला परत पाठवा. दिवस वाया गेला तरी चालेल.

प्रत्यक्ष नांगरताना उताराला आडवं नांगरा, म्हणजे प्रत्येक तास पाण्याला अडवतो. उताराच्या दिशेने नांगरलेला प्रत्येक तास पाण्याची पन्हळ होतो. पाच गुंठ्यांच्या खालच्या अंगाला दोन-तीन मीटर रुंद गवताची पट्टी न नांगरता ठेवा, वाहून येणारी माती ती धरते. पहिल्या तासासाठी दोन काठ्या रोवून सरळ रेघ धरा, कारण पहिला वाकडा गेला की बाकीचे त्याच्या मागे जातात. पलटी नांगर गवतासकट मातीचा पट्टा पूर्ण उलटा करतोय का, हे पहिल्या दहा-पंधरा मीटरवर उतरून बघा. गवताचे शेंडे फटीतून वर डोकावत असतील तर ते पुन्हा उगवणार. फाळ बोथट आहे का, नांगर एका बाजूला कलला आहे का, वेग फार कमी आहे का, ते तपासायला सांगा. टॉप लिंक, म्हणजे नांगराला वरच्या बाजूने ट्रॅक्टरशी जोडणारा दांडा, आखडली की नांगर नाकाने मातीत घुसतो, फार लांबवली की टोक वर राहून नुसतं घासत जातं. अनुभवी चालक हे दोन मिनिटांत जुळवतो. तुम्ही शेजारी उभं राहून पाहा आणि विचारा, पण यंत्रापासून लांब.

पाचातल्या एखाद्या गुंठ्यात नांगर न घालता करून बघायचं असेल तर तेही जरूर करा. गवत अगदी बुडाशी कापून त्यावर उजेड न जाऊ देणारं काळं जाड प्लास्टिक किंवा ताडपत्री अंथरा, कडा मातीने दाबा. उष्ण हवेत काही आठवडे, थंड हवेत काही महिने लागतात. खालचं गवत उजेडाविना पिवळं पडून कुजतं आणि गांडुळं ती जागा तुमच्यासाठी सैल करतात. हरळी यात हट्ट धरते, ती कडेकडेने प्लास्टिकच्या बाहेर निघते, म्हणून कडेला फूटभर पट्टा खणून साफ ठेवावा लागतो. दोन्ही पद्धती शेजारी शेजारी केल्यात तर पुढच्या वर्षी मला किंवा कुणालाही विचारायची गरज राहणार नाही.

पहिलं पीक काय घ्यावं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण नांगरणीशी ते जोडलेलंच आहे. ताजं गवत गाडल्यावर ते कुजवायला जिवाणूंना नत्र लागतं आणि ते मातीतूनच ओढून घेतात. त्या काळात पेरलेलं पीक पिवळं पडतं आणि नवखा माणूस युरिया ओतत बसतो. गाडल्यानंतर निदान महिना-दीड महिना आणि पुरेशी ओल मिळू द्या. शिवाय जुन्या गवताखाली हुमणी आणि तारेसारख्या कडक, पिवळसर अळ्या असतात. त्या मुळं आणि कंद खातात, आणि गवत गेलं की तुमच्या पिकाकडे वळतात. म्हणून पहिल्या वर्षी बटाटा, रताळं, गाजर नको. नांगरताना मागून पक्षी येऊन अळ्या टिपतात, त्यांना हुसकू नका. पहिल्या हंगामात हिरवळीच्या खतासाठी ताग किंवा धैंचा दाट पेरा आणि फुलोऱ्यावर येताच, म्हणजे साधारण दीड महिन्यांनी, मातीत गाडा. ज्यांना हिरवळीचं खत कंटाळवाणं वाटतं त्यांनी चवळीसारखं पसरणारं शेंगांचं पीक घ्यावं, माती झाकली जाते आणि हाताला काहीतरी लागतंही.

राहिला ट्रॅक्टर. पाच गुंठ्यांसाठी ट्रॅक्टर विकत घेणं हा पैशाचा प्रश्न आहेच, पण मला काळजी तुमच्या जिवाची वाटते. स्वस्तातल्या जुन्या ट्रॅक्टरला बहुधा चालकाच्या मागची सुरक्षा चौकट नसते. ट्रॅक्टर उलटला तर माणसाला चिरडण्यापासून वाचवते ती हीच चौकट. स्वीडनने १९५९ मध्ये ती नव्या ट्रॅक्टरांना सक्तीची केली आणि तिथले असे मृत्यू खूप घटले. नांगर मुळाला किंवा खडकाला अडकला आणि घाबरून क्लच एकदम सोडला, तर पुढची चाकं उचलली जातात आणि सावरायला एक सेकंदही मिळत नाही. खुंट ओढायला साखळी ड्रॉबारऐवजी (ट्रॅक्टरच्या मागे खाली असलेल्या ओढणीच्या दांड्याऐवजी) वर कुठेतरी बांधली तरी हेच होतं. रोटाव्हेटरला फिरवणारा मागचा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. त्यात ओढणीचं टोक, सैल बाही किंवा बुटाची नाडी गेली की हात मागे घ्यायला वेळच नसतो. त्या दांड्यावरचं झाकण फुटलेलं असेल तर ते यंत्र शेतात येऊ देऊ नका. अडकलेली तार काढायची तर आधी इंजिन बंद, किल्ली खिशात, अवजार जमिनीवर टेकवलेलं, मगच हात. आणि मडगार्डवर कुणालाही बसवू नका, मुलांना तर कुणी कितीही हट्ट केला तरी नाही.

म्हणून यंदा चालकासकट भाड्याने घ्या. ज्याने जुनं रान मोडलेलं आहे असा चालक शोधा, त्याला खड्ड्यात मोजलेली खोली सांगा आणि ‘फक्त पलटी नांगर, रोटाव्हेटर नको’ हे आधीच ठरवून घ्या. तो हसेल. हसू द्या. ट्रॅक्टर शिकायची हौस असेल तर अनुभवी माणसाला शेजारी उभं करून, सपाट मोकळ्या जागेवर, अवजार न जोडता शिका. एक हंगाम गेल्यावर तुम्हाला कळेल की तुमच्या कामाला मोठं यंत्र लागतं, छोटा पॉवर टिलर पुरतो, की चांगली कुदळ आणि हातकोळपं एवढंच लागतं.

उरलेल्या एकरांतलं गवत बी धरायच्या आत कापा, म्हणजे बियांच्या साठ्यात नवी भर पडणार नाही. झुडपं बुंध्याशी तोडून फुटवे येतील तसे छाटत राहा. पुढच्या वर्षी पहिले पाच गुंठे हातात राहिले असं वाटलं, तर आणखी पाच घ्या.

आणि काम सुरू करायच्या आधी एवढं कराच: धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली होती ते आठवा. दहा वर्षं उलटून गेली असतील तर डॉक्टरांकडे जाऊन घेऊन या. जुन्या रानात गंजकी तार आणि काटे हातापायात घुसणारच, आणि धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात. जाड हातमोजे आणि टणक तळव्याचे बूटही त्याच फेरीत आणा.

– तुमची ताई